डॉक्टर पडघान आणि निमखेडीचं पाणी

डॉक्टर गेल्याचं मला मलकापूरच्या स्टेशनवर कळलं. वीसेक दिवस बाहेरगावी राहून, मुलीला नागपूरच्या गाडीत बसवून मी बुलडाण्याला परत निघालो होतो. बाकावर बसलेले एक गृहस्थ पेपर वाचता वाचता शेजाऱ्याला म्हणाले, "हे पडघान कुलगुरू वारले म्हन्ते. आपल्या बुलडाण्याचेच ना?" मी थांबलो आणि पेपर मागितला. आतल्या पानावर, कापसाच्या भावांच्या वर, चार ओळी होत्या. माजी कुलगुरू, आरोग्य खात्यातले माजी अधिकारी, अल्पशा आजाराने निधन, मागे पत्नी. नावाआधी डॉक्टर असं होतं, पण हा माणूस कधी काळी एका खेड्यातल्या दवाखान्यात बसून लोकांच्या जिभा पाहत असे, हे त्या चार ओळींतून कुणाला कळलं नसतं. पेपर परत दिला आणि बुलडाण्याची एसटी पकडली. बसायला जागा मिळाली नाही. घाट चढताना मी दांड्याला धरून उभा होतो आणि डोक्यात एकच विचार होता, की पेपर सकाळचा आहे, म्हणजे आता आपण पोचून उपयोग नाही. तसंच झालं. त्यांच्या घरी पोचलो तेव्हा मंडळी स्मशानातून परत आली होती आणि ओसरीतल्या दोरीवर ओली धोतरं वाळत घातलेली होती. डॉक्टरांच्या पत्नी सुमनवहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "उशीर झाला भाऊजी तुम्हाला." त्यात तक्रार नव्हती. मला मात्र वाटलं, खरंच आहे, डॉक्टरांच्या बाबतीत मला नेहमीच उशीर झाला.

या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. मधल्या काळात दोन शोकसभा झाल्या. दोन्ही ठिकाणी मी मागच्या रांगेत बसलो. द्रष्टे, कर्मयोगी, दीपस्तंभ असे शब्द ऐकले. बोलणाऱ्यांचं मन खोटं होतं असं नाही, पण ते ज्या माणसाबद्दल बोलत होते तो मला ओळखू येत नव्हता. मला ठाऊक असलेला माणूस आयुष्यभर एकाच गोष्टीच्या मागे लागला, ती त्याला साधली नाही, आणि तो थकून घरी आला. तेवढंच मला सांगता येईल.

मी मूळचा कंपाउंडर. संग्रामपूरकडच्या आमच्या छोट्या दवाखान्याचं प्राथमिक आरोग्य केंद्र झालं, तेव्हा महाराष्ट्र नुकताच झालेला होता. दारावरच्या पाटीवर अजून जुन्याच राज्याचं नाव होतं, पेंटर काही येत नव्हता. अशात एका दुपारी एसटीतून एक उंच, काळासावळा माणूस उतरला. एका हातात पत्र्याची ट्रंक, दुसऱ्या हातात वळकटी. मी पुढे झालो, तर म्हणाला, "राहू द्या. मी पडघान. नवा डॉक्टर." चिखली तालुक्यातल्या उंद्रीचे ते. घरी शेती, नागपूरला शिक्षण, नुकतंच लग्न झालेलं. मी त्यांना क्वार्टर दाखवलं आणि आधीच सांगून टाकलं, "साहेब, छप्पर गळते." ते वर पाहून म्हणाले, "पावसाले अजून दोन महिने हायेत. तोपर्यंत मी टिकतो का ते पाहू." सगळ्यांनाच वाटलं होतं की सहा महिन्यांत बदली करून घेतील. सहा वर्षं राहिले.

पहिल्या दिवशी मी त्यांना चहा केला. दूध फाटलं. त्यांनी कपात पाहिलं आणि विचारलं, "दूध शिळं होतं काय?" मी म्हटलं, "दूध आत्ताचं हाय साहेब. आमचं पानीच तसं हाय." घाटावरच्या माणसाला हे माहीत नव्हतं. पूर्णेच्या काठाने सातपुड्याच्या पायथ्याकडे जाताना मधे जो पट्टा लागतो, तिथल्या विहिरींचं पाणी खारं. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, नवी सून आली की पहिले चार महिने पोट धरून बसते आणि मग सवय होते. आम्ही त्याबद्दल बोलतही नसू. उन्हाळ्यात ऊन असतं तसं आमच्याकडे पाणी खारं असतं, एवढंच. डॉक्टरांनी पेलाभर पाणी मागितलं, उभ्या उभ्या सगळं प्यायले आणि पेला खाली ठेवला.

दुसऱ्या वर्षी त्यांच्या लक्षात आलं की आमच्या रजिस्टरात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. तोंडावर सूज, पायांवर सूज, लघवी कमी. चाळिशीच्या आतले धडधाकट शेतकरी, बाया, येत आणि वर्षा-दोन वर्षांत दिसेनासे होत. आम्ही त्याला 'सुजेचा रोग' म्हणत होतो. डॉक्टरांनी मला मागची सगळी रजिस्टरं काढायला लावली आणि गावं लिहून घेतली. जास्त नावं निमखेडीची निघाली. त्या गावात माझा धाकटा भाऊ मुरलीधर शाळामास्तर होता. डॉक्टर म्हणाले, "चल बे भास्कर, तुझ्या भावाच्या घरी जेवाले जाऊ." आम्ही सायकलींवर गेलो आणि तिथून ते काम सुरू झालं. मुरलीने शाळेच्या हजेरीवरून घरांची यादी करून दिली. डॉक्टर आणि तो घरोघर फिरत. कोण कोणत्या विहिरीचं पाणी पितं, घरात कुणाला सूज आली, कोण गेलं. बाया तोंडाला पदर लावून हसत. एक म्हातारी म्हणाली, "डाक्टर असून पानी काऊन पुसता बाप्पा? दुखनं पुसा ना." डॉक्टर म्हणाले, "दुखनंच पुसून राह्यलो, आजी." मुरलीला या कामाची फार गोडी लागली. त्याचं अक्षर सुरेख होतं. तक्ते त्यानेच आखले.

शेवटच्या दिवशी गाव शाळेच्या पटांगणात जमलं. लोकांनी विचारलं, एवढं लिहून नेलं, त्याचं काय होणार? डॉक्टर उभे राहिले आणि म्हणाले, "पायथ्याशी गोडं पानी हाय. तिथं विहीर खोदून नळानं इथं आनता येते. मी आनतो." मुरली टाळ्या वाजवायला लागला, मग सगळेच वाजवायला लागले. पुढे पुष्कळ वर्षांनी डॉक्टर मला म्हणाले होते, "त्या दिवशी 'मी आनतो' म्हनायले नको होतं. डॉक्टरनं तसं म्हनू नाई." पण तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला होता की मीही विश्वास ठेवला.

अहवाल वर गेला. खाऱ्या पाण्यानेच मूत्रपिंडं जातात असं त्यांनी त्यात कुठेही ठामपणे लिहिलं नव्हतं. तसं सिद्ध करायची साधनंच आमच्याकडे नव्हती. तपासा, आणि तपास पुरा होईपर्यंत गोडं पाणी द्या, एवढंच मागितलं होतं. आठ महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं, 'नोंद घेण्यात आली आहे.' पुन्हा लिहिलं, पुन्हा नोंद घेण्यात आली. सहाव्या वर्षी एका दुपारी, रोगी संपल्यावर, त्यांनी स्टेथस्कोप टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "भास्कर, इथून कागद वर पाठवून काही होत नाई. जिथं कागद येतात तिथं जाऊन बसतो मी." मी विचारलं, "अन् रोगी?" त्यांनी स्टेथस्कोपची नळी गुंडाळली. मग म्हणाले, "दुसरा डॉक्टर येईन ना..." तो यायला तीन वर्षं लागली.

ते पुण्याला गेले, सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं आणि मुंबईला खात्यात बसले. तिथे त्यांनी काय काय केलं ते शोकसभांत सांगितलं गेलं, त्यातलं मला नीट माहीत नाही. एक मात्र मी डोळ्यांनी पाहिलं. आमच्याकडे उपकेंद्रांवर एकट्या नर्सबाया राहत आणि भीतीपोटी नोकरी सोडून जात. डॉक्टरांनी वर गेल्यावर पहिला आग्रह धरला तो नर्सच्या खोलीचा. खोली गावाच्या आत असावी, दाराला आतून लोखंडी अडसर असावा, संडास आवारात असावा. बैठकीत कुणी तरी म्हणे हसून विचारलं होतं की आरोग्य धोरणात अडसर कुठे येतो. त्यांनी आपल्या वऱ्हाडीतच उत्तर दिलं, "बाई राह्यलीच नाई तं धोरन राबवन कोन?" पुण्या-मुंबईच्या लोकांना त्यांची भाषा ऐकून गंमत वाटे. ती बदलायचा त्यांनी कधी प्रयत्न केला नाही, मात्र हळूहळू बैठकीत ते कमी बोलू लागले, हेही खरं.

आणि निमखेडीचं काम त्यांनी खरोखर पुढे रेटलं. योजना मंजूर झाली. पायथ्याशी विहीर खोदून झाली, पाणी गोड लागलं. लोखंडी पाइप रेल्वेने मलकापूरला येऊन उतरले. मुरली आणि मी मुद्दाम पाहायला गेलो होतो. मालधक्क्यावर पाइपांची रास होती आणि प्रत्येकावर खडूने गावाचं नाव. मुरलीने एका पाइपात तोंड घालून 'ओ' दिली, आतून आवाज घुमला, आम्ही दोघं पोरांसारखे हसलो. त्या वेळी त्याचा चेहरा जरा सुजलेला दिसत होता. मी विचारलं, तर म्हणाला, जागरण झालं.

मग तो दुष्काळ आला. ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको. त्या उन्हाळ्यात पाइप मिळेनासे झाले आणि पाणीपुरवठ्याच्या समितीने आधी उतरलेले पाइप कुठे वळवायचे याची यादी केली. त्या समितीवर आरोग्य खात्यातर्फे डॉक्टर पडघान होते. आम्हाला कळलं ते असं, की एका सकाळी ट्रक आले आणि निमखेडीचे पाइप भरून दुसऱ्या जिल्ह्यात निघाले.

मी मुंबईला गेलो. आयुष्यात पहिल्यांदाच. त्यांच्या खोलीबाहेर दोन तास बसलो. आत गेलो तेव्हा ते उठून उभे राहिले आणि शिपायाला दार लावायला सांगितलं. मी म्हटलं, "साहेब, आमचे पाइप काऊन नेले?" ते म्हणाले, "तिकडं पानीच नाई भास्कर. लोक गाव सोडून राह्यले. जनावरं रस्त्यात मरून राह्यली. निमखेडीत पानी तं हाय..." मी म्हटलं, "खारं हाय. तुमीच लिहिलं होतं ना, त्या पान्यानं मानसं मरतात म्हनून." ते म्हणाले, "हाव. मीच लिहिलं. अन् मीच आता नाई म्हनून राह्यलो." त्यांनी फाइल उघडून माझ्यापुढे सरकवली. लपवलं नाही. खाली त्यांच्या अक्षरात एक ओळ होती, 'निमखेडीची निकड जुनी आहे, इतर गावांची आजची आहे,' आणि सही. मी ती ओळ वाचली, फाइल मिटली आणि बाहेर आलो. ते मागून जिन्यापर्यंत आले. "जेवून जा," म्हणाले. मी थांबलो नाही.

दुष्काळ सरला तरी पाइप परत आले नाहीत, योजना कागदावरच राहिली. दीड वर्षाने मुरली गेला. चौतीस वर्षांचा होता. त्याने बदली करून घ्यावी म्हणून मी कितीदा सांगितलं होतं. "शाळा सोडून कुठं जाऊ दादा?" म्हणायचा. मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा तिथल्या लोकांनी सांगितलं की फार दिवसांचं आहे हे, आता काही होणार नाही. फार दिवसांचं... म्हणजे पाइप आले असते तरी तो कदाचित वाचला नसता. आज मला हे समजतं. खरं तर तेव्हाही समजत होतं, एक कंपाउंडर असून मला तेवढं कळत नव्हतं असं नाही. पण दुःखाला कुणाचं तरी नाव लागतं आणि मी डॉक्टरांचं लावलं. ते मुंबईहून भेटायला आले. मी आतल्या खोलीत होतो, मुद्दाम बाहेर गेलो नाही. ते अंगणात माझ्या वडिलांजवळ तासभर बसले. मग एसटीची वेळ झाली आणि ते गेले. पुढची पाच वर्षं आमचा पत्रव्यवहार बंद होता. दिवाळीला त्यांचं पोस्टकार्ड येई. मी उत्तर देत नसे.

त्या काळातच ते कुलगुरू झाले. पेपरात फोटो आला, गळ्यात हार, चेहरा ओढलेला. आमच्या भागातला माणूस एवढा वर गेला म्हणून तालुक्यात पेढे वाटले गेले. मी पेढा घेतला आणि तसाच कागदात गुंडाळून ठेवला. नंतर बातम्या येऊ लागल्या. डॉक्टर होणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने तीन महिने खेड्यात राहून काम केल्याशिवाय त्याला पदवी मिळणार नाही, असा नियम त्यांनी आणला होता. विद्यार्थ्यांनी संप केला, कार्यालयाला घेराव घातला, पुतळा जाळला. पालक मोठमोठ्या लोकांकडे गेले. सभेत कुणी ओरडून विचारलं, खेड्यात लाइट नाही, राहायला जागा नाही, आमच्या मुलींनी जायचं कसं? तेव्हा म्हणे ते म्हणाले, "तिथल्या बाया राह्यतात तशा." हे उत्तर काही बरं नव्हतं. नर्सच्या दाराला अडसर लावणारा माणूस असं बोलला यावरूनच मला कळायला हवं होतं की तो किती दमलाय.

एक दिवस मी खिडकीत बसून औषधं देत होतो. रांगेतला पुढचा माणूस चिठ्ठी पुढे करेना. वर पाहिलं तर डॉक्टर. केस पांढरे झालेले, खांदे उतरलेले. म्हणाले, "भास्कर, मले औषध नको. मानसं पाह्यजेत." बाहेर जीपमध्ये नऊ विद्यार्थी बसले होते. एवढ्या मोठ्या विद्यापीठातून आपखुशीने यायला तयार झालेले नऊ. डॉक्टर त्यांना घेऊन निमखेडीला निघाले होते, जुनं सर्वेक्षण नव्याने करायला. म्हणाले, "घरं तुले ठाऊक हायेत. मुरलीची यादी तुझ्यापाशी असन." यादी होती. पाच वर्षं राग धरला होता, पण ट्रंकेतून यादी काढायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत.

बारा दिवस आम्ही निमखेडीत होतो. पोरं चांगली होती. पुण्याची एक मुलगी होती, पहिल्या दिवशी तिला तिथल्या बायांचं बोलणं कळत नसे, चौथ्या दिवशी ती त्यांच्याबरोबर ओट्यावर बसून शेंगा फोडत विचारपूस करायला लागली. यादीवरची बरीच घरं बंद झाली होती. जी उघडी होती त्यांत पहिल्यांदा ज्यांनी उत्तरं दिली त्यांची मुलं आता उत्तरं देत होती, आणि उत्तरं तीच होती. एका दुपारी डॉक्टर आणि मी शाळेच्या पायरीवर बसलो होतो. आत पोरं पाढे म्हणत होती. त्यांनी न विचारता सुरुवात केली. म्हणाले, "मुरली गेला तवा मी आलो होतो. तू बाहीर आला नाई." मी म्हटलं, "हाव." ते म्हणाले, "बरोबर केलं. मीबी आलो नसतो." मग पायरीवरचा खडा उचलून फेकत म्हणाले, "त्या पाइपाच्या कागदाचा मी लई विचार केला. एवढ्या वर्षांत एक दिवस गेला नाई. अन् दरवेळी एकाच ठिकानी येतो. तो कागद पुन्हा समोर आला, तं मी पुन्हा तीच सही करीन बे. तिकडची लेकरं तहानेनं मेली असती. चुकलो असं म्हनता आलं असतं तं मोकळा झालो असतो. तसं म्हनताबी येत नाई..." मुरलीच्या बायकोने चहा पाठवला होता. नेहमीसारखा फाटलेला. आम्ही दोघांनी तो प्यायला.

दुसरा अहवाल पहिल्यापेक्षा कितीतरी चांगला होता. या वेळी पाण्याच्या तपासण्या होत्या, रक्ताच्या तपासण्या होत्या, खाली कुलगुरूंची सही होती. उत्तरही लवकर आलं. नोंद घेण्यात आली होती. त्याच सुमारास ते एका बैठकीला बाहेरगावी असताना विद्यापीठाच्या मंडळाने खेड्यातल्या तीन महिन्यांचा नियम ऐच्छिक करून टाकला, म्हणजे रद्दच केला. ते परतले, ठराव वाचला आणि राजीनामा लिहिला. मुदत संपायला दीड वर्ष होतं. लोक म्हणाले, बाणेदार. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "बाणेदार कसला? थकलो होतो. कोनी भांडाले उभं राह्यलं नाई, अन् मलेबी उठवलं नाई."

बुलडाण्याला परतल्यावर त्यांनी फार काही केलं नाही. पुस्तक लिहा म्हणून प्रकाशक आले, त्यांना परत पाठवलं. मीही निवृत्त होऊन इथेच आलो होतो. संध्याकाळी आम्ही तलावाकडे फिरायला जात असू. पन्नास पावलं चालले की थांबत. एकदा मी म्हटलं, "साहेब, तुमी वर गेले नसते, इथंच दवाखान्यात राह्यले असते तं?" ते हसले. "तं मेलो असतो त्यायच्याच संगं खारं पानी पिऊन." थोडं चालून म्हणाले, "पन बरं झालं असतं कदाचित. तिथं कोनाच्या तरी कामी येत होतो, ते दिसत तरी होतं." शेवटच्या भेटीत, जायच्या आधी वीसेक दिवस, ते पलंगावर होते. छातीत दुखे. मी उशी सारखी केली तर हात धरला. काही सांगतील असं वाटलं. म्हणाले, "बैस. नुसता बैस." मी बसलो. दिवेलागण झाली तेव्हा उठलो.

त्यांची माणसं आपापल्या गावी परत गेल्यावर सुमनवहिनींनी मला बोलावलं. म्हणाल्या, "भाऊजी, सकाळी लोक येतात. कोणाला माहीत नसतं. मला रोज सांगवत नाही." हे मला सांगायचं राहिलं, की निवृत्तीनंतर डॉक्टर सकाळी आठ ते दहा ओसरीवर बसून येणाऱ्यांना तपासत. पाटी नव्हती, काही नव्हतं. एक बाक होता. तेव्हापासून मी रोज आठला जाऊन त्या ओसरीवर बसतो. कुणी आलं की सांगतो. काही जण पाया पडल्यासारखे उंबऱ्याला हात लावून जातात. काही नुसतेच बाकावर बसतात आणि थोड्या वेळाने उठतात.

गेल्या सोमवारी एक बाई आली, तिच्याबरोबर तिचा नवरा. पस्तिशीचा असेल. दोन एसट्या बदलून सातपुड्याकडच्या कुठल्याशा गावाहून आले होते. मी सांगितलं, डॉक्टर वारले. बाई उभीच राहिली. मग म्हणाली, "मंग तुमीच पाहा ना जी."

"मी डॉक्टर नाई बाई. कंपाउंडर होतो त्यायचा."

"असू द्या. त्यायच्या संगं होते ना तुमी? आता इतल्या दूर आलो."

मी त्याला बाकावर बसवलं. त्याचा चेहरा आणि पाय सुजलेले होते. डॉक्टर सुजेचा रोगी आला की त्याच्या नडगीवर अंगठा दाबून धरत आणि ओठांत दहा मोजत. मोजताना त्यांचे ओठ हलत, रोग्याला वाटे की मंत्र म्हणताहेत. मी खाली बसलो, त्याचा पाय मांडीवर घेतला, अंगठा ठेवला आणि दहा मोजले. माझेही ओठ हलले असावेत, कारण बाईने हात जोडले. अंगठा उचलला. खळगा तसाच राहिला. मी पाहत राहिलो, तो भरून येईना.

मी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी लिहायला घेतली. नाव, वय, गाव. मग विचारलं, "गावातलं पानी कसं हाय?"

बाईला प्रश्न कळला नाही. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "पानी ना? जसं असते तसंच हाय जी."